फेरीबोटीवर घासणारी गाडी आणि एअर सस्पेन्शनची उंची

प्रश्न थोडक्यात असा. २०१२ सालची ऑडी क्यू-सेव्हन, सेकंड-हँड घेतलेली. मालक दिवाडीला राहतात आणि कामाला पणजीत येतात, म्हणजे जुने गोव्याची फेरी रोजचीच. ओहोटीच्या वेळी फेरीवर चढताना पुढचा बंपर घासतो. त्यात पुढचा डावा एअर बलून (स्प्रिंगच्या जागी असलेली हवेची रबरी पिशवी) एका गॅरेजमध्ये बदलून घेतल्यापासून गाडी त्या बाजूला झुकलेली दिसते. ‘स्कॅनर मारून गाडी कायमची तीस मिलिमीटर वर करून देतो, दहा मिनिटांचं काम,’ असं कुणीतरी सांगितलंय (स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र). ते करावं का, हा मुख्य प्रश्न. आणि जाता जाता विचारलंय की धाकट्या भावाला साध्या स्प्रिंगच्या सेडानला एअर सस्पेन्शन बसवायचंय, ते कसं?

झुकलेली गाडी सरळ करून घ्या, ते रास्त काम आहे. कायमची वर मात्र करू नका. फेरीसारख्या जागी गाडी तात्पुरती वर घ्यायला कंपनीने लिफ्ट मोड आधीच दिलाय. आता यामागचं कारण सांगतो, कारण ते कळलं की गॅरेजवाला काय करतोय हे तुम्हाला शेजारी उभं राहून समजेल.

तुमच्या गाडीच्या कंट्रोल युनिटला, म्हणजे सस्पेन्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, जमीन दिसत नाही. गाडी जमिनीपासून किती वर आहे हे त्याला ठाऊकच नसतं. प्रत्येक चाकापाशी एक लेव्हल सेन्सर आहे. सेन्सर बॉडीला बसवलेला असतो आणि त्याच्या छोट्या दांडीतून एक लिंक रॉड खाली सस्पेन्शनच्या आर्मला जोडलेला असतो. चाक वर-खाली झालं की आर्म हलतो, लिंक हलते, सेन्सरची दांडी फिरते. त्या फिरण्याचा जो कोन येतो तेवढंच कंट्रोल युनिटला कळतं. ‘हा कोन म्हणजे इतके मिलिमीटर’ हे त्याला कुणीतरी एकदा शिकवलेलं असतं. त्या शिकवण्यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. कोन कमी भरला की कंप्रेसर आणि व्हॉल्व्ह ब्लॉक (हवा कुठल्या कोपऱ्यात जायची ते ठरवणारा भाग) मिळून त्या कोपऱ्यात हवा भरतात, जास्त भरला की हवा सोडतात.

यातून एक गोष्ट निघते, आणि तुमच्या बाबतीत तीच महत्त्वाची आहे. नुसता बलून बदलल्याने उंची बदलत नाही. नवा बलून थोडा कडक असो की मऊ, सेन्सर सांगेल त्या उंचीपर्यंत हवा भरली जाणारच. मग बलून बदलल्यावर गाडी झुकली, याचा अर्थ बहुधा काम करताना सेन्सर किंवा लिंक कुठेतरी हलली. बहुतेक वेळा स्ट्रट (बलून आणि शॉकअप मिळून असलेला खांब) बाहेर काढायला लिंक रॉड सोडवतात आणि परत बसवताना तो वाकतो, सेन्सरचा ब्रॅकेट किंचित फिरतो, नाहीतर बॉल जॉइंट पूर्ण आत बसलेला नसतो. म्हणून स्कॅनरच्या आधी टॉर्च. गाडी गॅरेजच्या लिफ्टवर घ्या आणि पुढच्या डाव्या आणि उजव्या लिंकची तुलना करा. लांबी सारखी आहे का, दोन्ही दांड्या एकाच कोनात आहेत का, हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. लिंक हातात धरून दोन बोटांनी फिरवा. बॉल जॉइंट सहज फिरला पाहिजे. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तो आतून गंजून घट्ट होतो. मग चाक हललं तरी लिंक नीट हलत नाही, उलट सेन्सरच्या दांडीलाच मुरड पडते. अशा लिंकवर कॅलिब्रेशन केलं तर आठ दिवसांत गाडी परत तिरकी.

त्याच वेळी लाइव्ह डेटा बघायचा. इंजिन बंद, इग्निशन चालू, स्कॅनरवर चारही कोपऱ्यांची उंची. एकाने बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर जोर देऊन गाडी दाबायची, दुसऱ्याने आकडा बघायचा. दाबल्यावर आकडा हलला आणि सोडल्यावर मूळ जागी आला, तर सेन्सर शुद्धीवर आहे. अडकत अडकत हलला किंवा मूळ जागी आलाच नाही, तर आधी सेन्सर किंवा लिंक बदला. हे न बघता थेट आकडे भरायला बसणारा मेकॅनिक घाईत आहे असं समजा.

आता मोजमाप. हे काम इथे सगळ्यात गचाळ होतं. जमिनीपासून बंपरपर्यंत टेप लावून उंची मोजायची नाही. टायर किती झिजलाय, हवा किती आहे, यावर तो आकडा बदलतो. तुमच्या गाडीत मोजायचं ते चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत. चाकाच्या कॅपवर मध्यबिंदू काढून मास्किंग टेपचा छोटा तुकडा चिकटवा आणि त्यावर पेनने फुली मारा. मडगार्डच्या कडेला जिथे पत्रा आत वळतो, तिथली खालची धार धरायची, प्लॅस्टिकची पट्टी नाही. टेप लोंबती नको, स्टीलची पट्टी वापरली तर उत्तम. प्रत्येक चाक पुन्हा पुन्हा मोजा, आकडा एका मिलिमीटरच्या आत जुळेपर्यंत.

मोजण्याआधी गाडी थोडी पुढे-मागे ढकलून घ्यायची. लिफ्टवरून उतरलेली गाडी टायरवर ताणून बसलेली असते, चाकं आतल्या बाजूला धरून ठेवलेली असतात, आणि तो ताण सुटला नाही तर आकडा चुकतो. हँडब्रेक सोडलेला, स्टिअरिंग सरळ, आत कुणी नाही, डिकीत सामान नाही, दारं बंद. बॅटरीला चार्जर लावलेला, कारण कंप्रेसर करंट भरपूर ओढतो आणि व्होल्टेज पडलं की मॉड्यूल (तेच कंट्रोल युनिट) मध्येच काम सोडतं.

आणि फरशी. गोव्यातल्या बऱ्याच गॅरेजची फरशी पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उताराची केलेली असते. सगळी फरशी एकाच दिशेला उतरती असेल तर फारसं बिघडत नाही, पण पिळलेली असेल, म्हणजे एक कोपरा वर आणि समोरचा तिरका कोपराही वर, तर वजन दोन चाकांवर जास्त पडतं आणि मोजमापात गोंधळ होतो. अलाइनमेंटचा चार खांबी रॅम्प लेव्हल केलेला असतो, तिथेच हे काम करून घ्या. रॅम्पची खात्री नसेल तर गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणा आणि चारही चाकांच्या जागी पातळी बघा. आपल्याकडे एवढी बांधकामं चालू आहेत की नळी मागायला लांब जावं लागणार नाही.

प्रत्यक्ष कॅलिब्रेशन या पिढीच्या क्यू-सेव्हनमध्ये सोपं आहे. लेव्हल कंट्रोलचं मॉड्यूल स्कॅनरवर ३४ नंबरच्या पत्त्यावर असतं. त्यात लॉगिन करून अ‍ॅडाप्टेशनमध्ये (आकडे भरायच्या जागी) जायचं. चॅनेल १ पुढचं डावं, २ पुढचं उजवं, ३ मागचं डावं, ४ मागचं उजवं. प्रत्येकात तुम्ही आत्ता मोजलेला आकडा भरायचा. चॅनेल ५ मध्ये १ भरून पक्कं करायचं. तुम्हाला हवी असलेली उंची इथे भरायची नसते, आहे ती भरायची असते. हवी ती उंची मॉड्यूलमध्ये आधीच साठवलेली आहे. समजा मॉड्यूलला ४५० हवेत आणि डाव्या पुढच्या चाकाला मोजून ४३८ आले. तुम्ही ४३८ भरलेत की ते म्हणतं, बारा कमी आहेत, आणि बारा मिलिमीटर वर घेतं. (हे आकडे हिशेब कळावा म्हणून धरलेत, तुमच्या गाडीचा खरा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सस्पेन्शनच्या प्रकारानुसार दिलेला असतो.) नंतर गाडी गल्लीत एक चक्कर मारून आणायची आणि पुन्हा मोजायची. फेरमोजणी झाल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

‘दहा मिनिटांत तीस मिलिमीटर’ म्हणजे काय, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. गाडी ४५० वर बरोबर उभी असताना मॉड्यूलला ४२० म्हणून खोटं सांगायचं. ते बिचारं तीस कमी समजून तीस वर घेतं. काही जण स्कॅनरऐवजी लांबी बदलता येणारे लिंक रॉड लावून हेच करतात. फसवणूक तीच, फक्त लोखंडाची. दोन्हींत गाडी वर जाते हे खरं, आणि दिसते पण छान. बाकीचा हिशेब असा होतो:

नॉर्मल उंचीच तीस मिलिमीटर वर गेली की सगळे मोड तीसने वर सरकतात. हायवेवर वेग वाढल्यावर गाडी खाली बसते ती स्थिरतेसाठी. तुमची गाडी तेव्हाही पूर्वीच्या नॉर्मलच्या आसपासच तरंगत राहील. नव्या झुवारी पुलावर आडवा वारा असताना हे तुम्हाला स्टिअरिंगमध्ये कळेल. लिफ्ट मोडला वर जायला जागा उरत नाही, शॉकअप पूर्ण ताणून वरच्या टोकाला आपटतो. खड्ड्यातून बाहेर येताना ठक्क आवाज येऊ लागला की तो हाच. पुढच्या ड्राइव्ह शाफ्टच्या (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या) सीव्ही जॉइंटचा, म्हणजे वळत्या सांध्याचा, कोन रोजच्या चालण्यातच वाढलेला राहतो आणि रबर बूट लवकर फाटतं. कॅम्बर आणि टो, म्हणजे चाकांच्या तिरपेपणाचे कोन, दोन्ही बदलतात, म्हणजे अलाइनमेंट केलं नाही तर टायरची एकच कड खाल्ली जाते. बलून जास्त ताणलेल्या अवस्थेत राहतो, त्याची घडी नेहमीच्या जागी पडत नाही. झेनॉन हेडलाइटचं ऑटो लेव्हलिंगही याच उंचीच्या हिशेबावर चालतं. त्यामुळे कॅलिब्रेशन खरं असो की खोटं, त्यानंतर हेडलाइटचं बेसिक सेटिंग करावंच लागतं, नाहीतर रात्री चोर्ला घाटात समोरून येणारा प्रत्येक जण तुम्हाला डिपर मारेल.

दहा मिलिमीटरपर्यंत वर घेतलेल्या गाड्या चालतात, तसं मी अडवणार नाही. पण दहाने तुमची फेरी सुटत नाही, आणि तीसने बाकीचं बिघडतं.

मग फेरीचं काय? तिथे घासतं ते दोन वेगवेगळ्या जागी, आणि लोक दोन्ही एकच समजतात. फेरीची लोखंडी फळी धक्क्याच्या उतारावर टेकते. ओहोटीला फेरी खाली जाते, तेव्हा तुम्ही आधी धक्क्यावरून खाली उतरता आणि मग फळीवर वर चढता. उतार संपून चढ सुरू होतो त्या खोबणीत पुढचा बंपर लागतो. पुढची चाकं फळीवरून डेकवर गेली की फळीच्या बिजागरीपाशी मधला भाग, म्हणजे पोट, टेकू शकतं. क्यू-सेव्हनचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, तीन मीटर आहे, त्यामुळे पोटाचा धोका छोट्या गाडीपेक्षा जास्त. लिफ्ट मोड दोन्हींवर उपाय आहे, पण तो वेळेवर लावायला हवा.

व्हाइसरॉय आर्चखालून उतरून रांगेत उभे राहिलात की तेव्हाच लिफ्ट लावा, इंजिन चालू ठेवून, दारं बंद ठेवून. गाडी वर यायला थोडा वेळ लागतो आणि दार उघडलं की बऱ्याच गाड्या उंची बदलणं थांबवतात. फळी पडल्यावर, मागचे हॉर्न वाजवत असताना बटण दाबून उपयोग नाही. डिस्प्लेवर गाडी वर आल्याचं दिसेपर्यंत थांबा. चढताना ब्रेक मारू नका. ब्रेकने नाक खाली जातं, नेमकं तिथे जिथे ते वर हवं असतं. पाय ब्रेकवरून सोडून, एका संथ वेगात. पलीकडे उतरल्यावर लिफ्ट बंद करायला विसरलात तरी ठरावीक वेग ओलांडला की गाडी आपणच खाली येते. आणि अगदी तळाची ओहोटी असेल तर फेरीवरच्या खलाशाला विचारा. तो फळीचा कोन बघून ‘जाईल’ की ‘थांबा’ हे कुठल्याही सेन्सरपेक्षा बरोबर सांगतो.

लिफ्ट मोड लावूनही गाडी अर्ध्यावर थांबत असेल, किंवा वर यायला रोज जास्त वेळ लागत असेल, तर मात्र विषय वेगळा. कंप्रेसर थकलाय. कंप्रेसर गरम झाला की स्वतःला बंद करून घेतो, थंड झाल्यावर परत चालू होतो. तो गरम होतो कारण त्याला गरजेपेक्षा जास्त पळावं लागतंय, आणि जास्त पळावं लागतंय कारण कुठेतरी हवा गळतेय. नवा कंप्रेसर टाकून गळती तशीच ठेवणं हा एअर सस्पेन्शनमधला सगळ्यात महागडा उद्योग. नवा कंप्रेसरही त्याच वाटेने जातो. कधी कधी रिले (कंप्रेसरचा विजेचा स्विच) चिकटतो आणि कंप्रेसर थांबतच नाही, म्हणून कंप्रेसर बदलताना रिलेही बदलायचा.

आपल्याकडे पावसाळा यात भर घालतो. कंप्रेसर बाहेरची हवा ओढतो. जून ते सप्टेंबर ती हवा पाण्याने भरलेली असते. ते पाणी पकडायला ड्रायरमध्ये सिलिका जेलचे दाणे असतात. गाडी खाली येताना सुटणारी हवा त्याच ड्रायरमधून उलटी जाते आणि दाणे सुकवते. गळक्या गाडीत मात्र हवा बलूनमधून परस्पर निघून जाते, ड्रायरमधून उलटी येतच नाही. दाणे ओलेच राहतात, मग फुटतात, आणि ती पांढरी भुकटी पाण्यासकट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाते. तुमच्या गाडीचा ब्लॉक उघडल्यावर पांढरा थर दिसला तर ड्रायर बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गळती घरीच शोधता येते. संध्याकाळी गाडी नॉर्मल उंचीवर उभी करा, चारही कोपरे मोजून लिहून ठेवा आणि सस्पेन्शनचा फ्यूज काढा. फ्यूज काढायचा, कारण काही गाड्या रात्रीत मधूनमधून जाग्या होऊन सगळ्यात खाली गेलेल्या कोपऱ्याबरोबर बाकीचे कोपरे खाली आणतात. मग सकाळी चारही बलून गेले असं वाटतं आणि लोक चार बलूनची ऑर्डर देतात. फ्यूज काढलेला असला की जो गळतो तोच बसतो. सकाळी मोजा. एकच कोपरा खाली आला तर बलून किंवा त्याची नळी. एका अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं बसली तर व्हॉल्व्ह ब्लॉकवर संशय घ्या. मग साबणाचं पाणी फवारणीच्या बाटलीत भरून नळीचा सांधा, ओ-रिंग आणि बलूनची घडी भिजवा. मोठी गळती लगेच फेसाळते. बारीक गळतीला दोन मिनिटं बघत बसावं लागतं, मग एकेक बुडबुडा हळूहळू फुगतो.

बलून फाटतो तो घडीपाशी, जिथे रबर दुमडतं. त्या घडीत आपली लाल माती साठली की ती पॉलिश पेपरसारखी घासत राहते. महिन्यातून एकदा गाडी लिफ्ट मोडवर घेऊन घडी उघडी पडली की साध्या पाण्याने धुवा. जेट वॉशचा फवारा अगदी जवळून मारू नका. धुताना हात मडगार्ड आणि टायरच्या मध्ये घालायचा नाही, पाइप बाहेरूनच धरायचा. आणि एअर सस्पेन्शनच्या गाडीखाली नुसत्या हवेच्या भरवशावर कधीही जायचं नाही. दोन टनांहून जास्त लोखंड एका नळीवर उभं असतं. जॅक लावण्याआधी मेन्यूत जाऊन जॅक मोड चालू करा, नाहीतर चाक उचलल्यावर मॉड्यूलला वाटतं गाडी फार वर गेली आणि ते हवा सोडायला लागतं. व्होल्व्हो एक्ससी ९० मध्ये याच कामाला लेव्हलिंग बंद करायचा पर्याय स्क्रीनवर असतो. पंक्चरवाल्याला हे माहीत असेलच असं धरू नका, चावी देताना सांगा.

दुसऱ्या कंपनीच्या गाडीसाठी ही माहिती वाचत असाल तर तत्त्व हेच, मोजायची रीत वेगळी. बीएमडब्ल्यूमध्ये रिमच्या खालच्या कडेपासून मडगार्डपर्यंत मोजतात. मर्सिडीजच्या एअरमॅटिकमध्ये (त्यांच्या एअर सस्पेन्शनचं नाव) सस्पेन्शनच्या आर्मचा कोन अंशांत मोजतात, त्याला कोनमापक लागतो आणि टेप घेऊन आलेल्याला परत पाठवा. लॅंड रोव्हरमध्ये तुमच्यासारखंच, चाकाच्या मध्यापासून.

भावाच्या सेडानबद्दल थोडक्यात, कारण सांगण्यासारखं फार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी कडक करून सांगितलं. बाहेरून बसवलेलं एअर किट बघून विमा कंपनी अपघाताच्या क्लेमला हरकत घेऊ शकते. शिवाय अशा बऱ्याच स्वस्त किटमध्ये लेव्हल सेन्सर नसतात. ती फक्त दाब बघतात, उंची नाही. मागे तीन माणसं बसली की तोच दाब आणि गाडी खाली. त्याला चांगले शॉकअप आणि कंपनीच्याच नव्या स्प्रिंगा घेऊन द्या. हाच मुद्दा तुमच्यासाठी उलट्या बाजूने: ‘एअर काढून टाका, स्प्रिंग बसवतो’ असं कुणी सुचवेल, तर एका गळक्या बलूनपायी ते करू नका. लोड घेतल्यावर गाडी आपणहून सरळ राहणं आणि तुमचा लिफ्ट मोड, दोन्ही त्याबरोबर जातात. मग रोज ओहोटीला बंपर परत घासणार.

तर गॅरेजमध्ये जाताना क्रम असा ठेवा. पुढच्या डाव्या लिंक आणि सेन्सरची तपासणी, लाइव्ह डेटा, लेव्हल रॅम्पवर मोजणी, कारखान्याच्या उंचीला कॅलिब्रेशन, फेरमोजणी, मग हेडलाइट, शेवटी अलाइनमेंट. अलाइनमेंट आधी केलं तर पैसे वाया जातात, उंची बदलली की कोन बदलतात. स्ट्रट काढला होता तेव्हा कंट्रोल आर्मचे बोल्ट चाक लटकत असताना आवळले असतील तर बुश (आर्मच्या सांध्यातली रबरं) पिळलेल्या अवस्थेत बसलेत. ते सैल करून गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळायला सांगा. आणि चार चाकांचे आधीचे व नंतरचे आकडे बिलावर लिहून घ्या. पुढच्या पावसाळ्यात गाडी परत झुकल्यासारखी वाटली, तर नुसत्या नजरेवर जायची वेळ येणार नाही, त्या आकड्यांशी ताडून बघता येईल.